बट्टा : हाली-कलदारापासून कार्डाच्या पॉइंटांपर्यंत

धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग या पट्ट्यातल्या काही जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात दोन तऱ्हेचे चांदीचे रुपये अजून दिसतात. एकावर इंग्लंडच्या राणीचा नाहीतर बादशहाचा मुखवटा असतो, दुसऱ्यावर चारमिनार. पहिला कलदार, दुसरा हाली. दोन्ही रुपयेच, पण दोघांची किंमत एक नव्हती. एक देऊन दुसरा घ्यायचा तर मध्ये काहीतरी कापले जाई. त्या कापण्याला शब्द होता ‘बट्टा’. नाणी गेली, सराफांच्या गाद्या गेल्या, पण ‘नावाला बट्टा लागणे’ हा प्रयोग आपल्या तोंडी राहिला. ज्या भाषेत अब्रूचे मोजमापसुद्धा नाण्याच्या घटीवरून होते, त्या भाषेच्या लोकांनी पैशाची अदलाबदल किती जवळून सोसली असेल, याची कल्पना यावरून यावी.

हा जुना विषय आज उकरण्याला एक ताजे कारण आहे. मोठ्या शहरांत क्रेडिट कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट मिळवण्यासाठी खर्च ‘घडवणारे’ लोक आहेत. इंग्रजीत याला ‘मॅन्युफॅक्चर्ड स्पेंडिंग’ म्हणतात. घरात वस्तू येत नाही, कुणाची सेवा घेतलेली नसते. कार्डावरून पैसे निघतात, एक-दोन वळणे घेऊन स्वतःच्याच बँक खात्यात परततात आणि त्याच पैशातून कार्डाचे बिल भरले जाते. मागे उरतात ते पॉइंट. त्यांचे विमानाचे तिकीट होते किंवा रोख सूट मिळते. वापरणाऱ्यांना ही युक्ती अगदी नवी वाटते. पण पैसा गोल फिरवून त्या फेऱ्यावर कमाई करण्याची विद्या आपल्या जिल्ह्याने शंभर वर्षे पाहिली आहे, आणि तिची किंमतही मोजली आहे. ती कोणी मोजली, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू.

दोन रुपये, एक बाजार

इंग्रजी मुलखात १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. त्याआधी महाराष्ट्रात अंकुशी, चांदोरी अशा नाना नावांचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा असे. गावोगावचा पोतदार नाणे पारखून खरे-खोटे सांगे. आज त्या कामाची आठवण आडनावात उरली आहे. निजामाच्या राज्यात हा गोंधळ आणखी काही वर्षे टिकला. नारायणपेठ, गदवाल अशा ठिकाणीही टाकसाळी होत्या. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले आणि त्यांनी नाणेव्यवस्था हैदराबादच्या सरकारी टाकसाळीखाली आणायला घेतली. त्या टाकसाळीचा रुपया म्हणजे हाली सिक्का. ‘हाली’ म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजी रुपया यंत्रावर, म्हणजे कळीवर पाडलेला, म्हणून ‘कलदार’.

कलदाराचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात ८२ टक्क्यांच्या आसपास चांदी. हिशेब मांडला तर शंभर कलदारांतली चांदी साधारण ११७ हाली रुपयांतल्या चांदीइतकी भरते. पुढे रूढ झालेला दर याच्या अगदी लगत आहे : १०० कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत, सहा कलदाराला सात हाली. जुन्या दप्तरांत हालीपुढे ‘ओ.एस.’ म्हणजे उस्मानिया सिक्का आणि कलदारापुढे ‘बी.जी.’ म्हणजे ब्रिटिश गव्हर्न्मेंट अशी अक्षरे भेटतात, ती याच दोन रुपयांची.

दर चांदीवर बेतलेला असेपर्यंत त्याला एक भक्कम पाया होता. १८९३ मध्ये तो हलला. तोवर कुणीही चांदी नेऊन इंग्रजी टाकसाळीतून तिचे रुपये पाडून आणू शकत असे. जगभर चांदी स्वस्त होत चालली, तेव्हा हिंदुस्थान सरकारने २६ जून १८९३ रोजी टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. कलदाराची किंमत चांदीच्या भावापासून सुटली आणि पुढे १ शिलिंग ४ पेन्सांवर बांधली गेली. आता दोन रुपयांमधले अंतर केवळ धातूवर ठरेना. ते सरकारी धोरणावर आणि बाजारातल्या मागणीवर ठरू लागले. जिथे अंतर हलते, तिथे त्या हलण्यावर जगणारा माणूस उभा राहतो.

सीमेवरचा जिल्हा

धाराशिव जिल्ह्याचे नशीब सीमेशी बांधलेले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला. कर्नल मेडोज टेलर काही वर्षे नळदुर्गला राहून त्याचा कारभार पाहत होता. १८६० मध्ये जिल्हा निजामाकडे परतला. मुख्य ठाणे नळदुर्गहून १९०४ मध्ये धाराशिवला आले आणि पुढे सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून गाव उस्मानाबाद झाले. २०२३ मध्ये जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले.

राज्य निजामाचे, पण मोठा बाजार इंग्रजी मुलखात, अशी इथली स्थिती होती. नळदुर्गहून सोलापूर एका मजलेवर. तिथे रेल्वे होती आणि १८७७ पासून कापडगिरणी होती. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्याचा, पण निजामी मुलखाने वेढलेला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, टप्प्याटप्प्याने पुढे सरकत १९११ मध्ये लातूरला पोचली आणि या भागातला कापूस, गळिताचे धान्य बार्शी-कुर्डुवाडीच्या वाटेने मुंबईकडे ओढू लागली. सीमेवर करोडगिरीचे नाके होते, तिथे मालावर जकात बसे. तुळजाभवानीच्या दर्शनाला दोन्ही मुलखांतून माणसे येत, तेव्हा देवीच्या गावालाही दोन्ही नाण्यांशी व्यवहार चुकत नव्हता.

मालावर जकात बसे ती नाक्यावर, दिसेल अशी. पैशावर बट्टा बसे तो सराफाच्या गादीवर.

बट्ट्याचा हिशेब

तुळजापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. त्याने बार्शीला माल विकला आणि ६० कलदार मिळाले. सारा निजाम सरकारला भरायचा, तो हालीत. ठरलेल्या दराने ६० कलदाराचे ७० हाली व्हावेत. सराफाने दिले ६९. आता उलटा प्रवास पाहू. घरात लग्न निघाले आणि सोलापूरचे कापड आणायचे आहे. त्याला ६० कलदार हवेत. सराफ त्यासाठी ७१ हाली मागतो. एक फेरा पूर्ण झाला आणि शेतकऱ्याचे दोन हाली गेले. त्याने या फेऱ्यातून काहीही कमावले नाही. त्याला फक्त आपलाच पैसा दुसऱ्या रूपात हवा होता.

सराफाची बाजू वेगळी. त्याच्याकडे दोन्ही नाण्यांचा साठा असे आणि थांबायला वेळ असे. सुगीत बाहेरचे व्यापारी निजामी मुलखात माल घ्यायला उतरले, की त्यांना हाली हवा. तेव्हा हालीला तेजी. साऱ्याचा हप्ता जवळ आला, की रयतेला हाली हवा. पुन्हा तीच गत. लग्नसराईत, बाहेरचा माल आणताना कलदाराची ओढ. ज्याला हे ऋतू पाठ, तो स्वस्तात घेऊन महागात विकी. बोरीभर कापूसही न हलवता, केवळ नाणे या पेटीतून त्या पेटीत नेऊन ही कमाई होत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर हा घडवलेला व्यवहारच.

सराफाला यात खलनायक करण्याचे कारण नाही. नाणी पारखणे, साठा राखणे, वाटेतल्या चोरीची जोखीम घेणे या कामाला मोल होते. तो नसता तर शेतकऱ्याला सोलापूरचे कापड मिळाले नसते आणि सारकारी साराही भरता आला नसता. पण दोन दरांमधले अंतर त्याने निर्माण केले नव्हते. ते दोन सरकारांनी निर्माण केले होते आणि त्याचा खर्च त्यांच्यापैकी कुणाच्याच तिजोरीतून जात नव्हता. तो जात होता त्या माणसाच्या खिशातून, ज्याला ठरलेल्या दिवशी ठरलेले नाणे हवेच होते.

हैदराबाद सरकारने हे अंतर आवरण्याचे प्रयत्न केले. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९१८ मध्ये राज्याने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. पुढे हाली नाण्याचा दर स्थिर राखण्यासाठी राखीव निधी ठेवला. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९४२ ला तिचे काम सुरू झाले. उस्मानिया सिक्क्याची व्यवस्था पाहणे हे तिचे एक मुख्य काम होते. मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांनी जिला ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ म्हणून ओळखले, ती हीच बँक. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

नाणे राजकारणात उतरते

दोन रुपयांचा प्रश्न १९४७ मध्ये हिशेबाच्या वहीतून बाहेर पडला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंधन आले. दुसऱ्याने भारतीय चलन राज्यात कायदेशीर देण्याघेण्यासाठी अमान्य ठरले. भारत सरकारने याला करारभंग मानले आणि दोन्ही सरकारांतल्या पुढच्या तक्रारींत हा मुद्दा वारंवार आला.

हैदराबाद शहरातल्या माणसाला हा वटहुकूम दूरचा वाटला असेल. धाराशिव जिल्ह्यात त्याचा अर्थ रोजच्या जेवणाइतका जवळचा होता. ज्याचा कापूस बार्शीला विकला जातो आणि कापड सोलापूरहून येते, त्याच्या कनवटीचा कलदार गावात आल्यावर चालेनासा झाला. तो बदलून घेणे भाग पडले, तेही रझाकारांच्या धामधुमीत, सीमा तापलेली असताना. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरकडून शिरल्या, त्या नळदुर्गच्याच वाटेने. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

१९५० मध्ये भारतीय रुपया इथे अधिकृतपणे आला, तो त्याच जुन्या दराने : सात हाली म्हणजे सहा भारतीय. हाली एकदम नाहीसा झाला नाही. काही वर्षे दोन्ही शेजारी चालले आणि मग हाली हळूहळू बाजारातून उठला. त्याबरोबर सराफाच्या गादीवरचा तो धंदाही उठला. सराफांना कुणी उपदेश केला नाही, त्यांच्यावर खटले भरले नाहीत. अंतर संपले, म्हणून फेरा संपला.

कार्डाचा रुपया

भारतात बँकेचे क्रेडिट कार्ड १९८० मध्ये सेंट्रल बँकेने आणले. त्याच सुमारास अमेरिकेत विमान कंपन्यांनी नियमित प्रवाशांना मैल मोजून बक्षिसे द्यायला सुरुवात केली. अमेरिकन एअरलाइन्सची योजना १९८१ ची. १९८७ मध्ये सिटी बँकेच्या कार्डावर खर्च केला तरी तिचे मैल मिळू लागले. मैल मिळवायला विमानात बसण्याची अट उरली नाही आणि खर्च घडवण्याची वाट मोकळी झाली.

या वाटेवरची दोन अमेरिकी उदाहरणे गाजली. १९९९ मध्ये एका खाद्य कंपनीने वेष्टणावरच्या पट्ट्यांच्या बदल्यात मैल जाहीर केले. कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने हिशेब केला की सर्वांत स्वस्त पुडिंगच्या किमतीपेक्षा त्यावरच्या मैलांचे मोल जास्त आहे. त्याने १२,००० हून अधिक पुडिंगचे डबे घेतले, बरेचसे दान केले आणि साडेबारा लाखांच्या आसपास मैल मिळवले. दुसरे उदाहरण खुद्द सरकारी टाकसाळीचे आहे. एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून अमेरिकी टाकसाळीने २००८ पासून ती दर्शनी किमतीला, घरपोच आणि टपालखर्च न घेता विकली. क्रेडिट कार्ड चालत होते. लोकांनी हजारो नाणी मागवली, खोके बँकेत नेऊन भरले, त्याच पैशाने कार्डाचे बिल फेडले आणि मैल खिशात घातले. नाणी लोकांच्या हातात जाण्याऐवजी तिजोऱ्यांत परतली. २०११ मध्ये टाकसाळीने कार्ड घेणे बंद केले. सोलापूरच्या वाटेवरच्या सराफाला ही रीत लगेच ओळखता आली असती : एका पेटीतले नाणे दुसऱ्या पेटीत, मध्ये नफा.

भारतात हीच वाट घरभाड्याच्या नावाने चालली. मोबाइलवरच्या काही सेवांमधून कार्डाने भाडे भरता येऊ लागले. खऱ्या भाडेकरूंना सोय झाली. त्यांच्या आडून काहींनी घरच्याच माणसाला घरमालक दाखवून पैसा फिरवला. कार्डाचे पॉइंट सेवेच्या शुल्काहून जास्त असले की फेरा फायद्याचा. बँकांच्या हे ध्यानात आले. आयसीआयसीआय बँकेने २० ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या व्यवहारावर १ टक्का शुल्क लावले. एसबीआय कार्डाने १५ नोव्हेंबर २०२२ पासून ९९ रुपये आणि वर कर असे शुल्क ठेवले. अनेक कार्डांवर भाड्याला पॉइंट मिळणे थांबले. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पेमेंट कंपन्यांसाठीचे नियम कडक झाले आणि ज्या व्यापाऱ्याशी करार आहे त्याच्यासाठीच पैसे गोळा करण्याचे बंधन आल्यावर ही वाट बहुतेक बुजली. इथेही अंतर संपले आणि फेरा संपला.

बिल कोणाच्या नावावर?

पॉइंट फुकट मिळतात असे वाटते, कारण ते देणारा दिसत नाही. कार्ड यंत्रातून घासले की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्क्यांच्या आगेमागे कापले जाते, त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातलाच तुकडा पॉइंट म्हणून ग्राहकाकडे परत येतो. दुकानदार हा खर्च मालाच्या किमतीत मिसळतो. मग रोख देणाराही तीच वाढीव किंमत भरतो, पण त्याला परत काही मिळत नाही. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेचा हिशेब मांडला होता : रोखीने चालणारे कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या बाजूला देते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरात ११३३ डॉलर पडतात. पैसा गरिबाकडून सधनाकडे वाहतो, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्याकडे एका बाबतीत स्थिती बरी आहे. १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर दुकानदाराकडून हे शुल्क घेतले जात नाही. धाराशिवच्या बाजारात भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड त्यामुळेच परवडतो. पण २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते आणि मोठ्या दुकानांत त्यावर शुल्क लागते. क्यूआर तोच, पण मागून येणारा रुपया बचत खात्यातला की कार्डावरचा, यावर दुकानदाराच्या हाती काय पडते ते ठरते. एका चौकटीत पुन्हा दोन रुपये आले आहेत.

दुसरा देणेकरी कार्डधारकांमधलाच आहे. बिल मुदतीत न भरणाऱ्याला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. पॉइंट गोळा करणाऱ्या हुशार ग्राहकाचा खर्च बँकेला जड जात नाही, त्याचे एक कारण हे व्याज आहे. गावोगावी कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख देणारे दुकानदारही असतात. त्यांच्याकडे जाणारा माणूस पॉइंटांसाठी जात नाही. दवाखान्याचे किंवा बियाणांचे पैसे उद्याच द्यायचे असतात म्हणून जातो. साऱ्याच्या हप्त्याआधी सराफाच्या गादीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याची आणि त्याची निकड एकच. तोच फेरा, तेच यंत्र. एकाला त्यातून विमानाचे तिकीट मिळते, दुसऱ्याला कर्ज.

जुना बट्टा आणि नवा बट्टा यांत एक मोठा फरक आहे. सराफ ६९ मोजून देई, तेव्हा शेतकऱ्याला आपला एक रुपया गेल्याचे दिसे. तो घासाघीस करी, दुसऱ्या गादीवर जाई, शिव्या घाली. १९४७ मध्ये ज्यांचा कलदार चालेना, त्यांना तो का चालत नाही आणि कोणी बंद केला हे ठाऊक होते, म्हणून नाणे राजकारणाचा विषय होऊ शकले. आजचा बट्टा साबणाच्या वडीच्या किमतीत असतो. रोख देणाऱ्याच्या पावतीवर त्याची ओळ नसते, त्यामुळे तो कुणाशी घासाघीस करू शकत नाही.

धाराशिव २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आर्थिक समावेशन हा त्या कार्यक्रमाच्या मोजपट्टीचा एक भाग आहे : किती खाती उघडली, किती कर्जे दिली. या जिल्ह्याचा नाण्यांचा इतिहास पाहता त्या मोजपट्टीत आणखी एक प्रश्न बसायला हवा. शंभर रुपयांची वस्तू घेताना रोखवाला किती देतो, डेबिटवाला किती आणि क्रेडिटवाला परत किती घेतो? दुकानाच्या दारावर किंवा पावतीवर हे अंतर छापले गेले, तर निदान ते दिसेल. सात हालीला सहा कलदार हा दर तुळजापूरच्या बाजारात पोरासोरांना पाठ होता. आजचा दर कुणालाच पाठ नाही, आणि जो तो चुकवतो आहे त्याला तर तो आहे हेही कुणी सांगितलेले नाही.